घंटी माझ्याकडे, माइक तुझ्याकडे

वच्छे,

लाल दिवा म्हणजे थांबा, एवढं एकच ज्ञान घेऊन मी त्या स्टुडिओत शिरले होते. जन्मभर चौकाचौकात तेच शिकले होते ना! त्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या त्या कोंडलेल्या खोलीत माझं चाचणीचं पान वाचून झालं, समोर पाहिलं तर टेबलावर लाल दिवा. मी समजले, यंत्र थांबलं. पाठ सैल सोडली, पदर सारखा केला आणि माइकला अगदी विश्वासात घेऊन म्हणाले, "आता ती येईल. आवाज म्हणजे पत्र्यावर गोटे ओतल्यासारखा. ळ म्हणता येत नाही, डोळ्याला डोया म्हणते, आणि निघाली पुस्तकं वाचायला!"

लाल दिवा म्हणजे चालू. हे मला काचेपलीकडे स्टुडिओ सांभाळणाऱ्या रश्मी मॅडमनी तोंडावर हात दाबला तेव्हा कळलं. त्यांच्या शेजारी तू बसली होतीस, हातात चहाचा कागदी कप घेऊन. बाहेरच्या स्पीकरवर माझा शब्दन्‌शब्द वाजला होता. तू कप खाली ठेवलास, उठून काचेला नाक लावलंस आणि ओठ हलवून काहीतरी म्हणालीस. त्या काचेतून दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. ते जाड दार ढकलून मी बाहेर आले तेव्हा तू तेच पुन्हा म्हणालीस.

"निमे, गोटे नाई वं. गिट्टी म्हन. गोटे गोल असतात, त्याइचा आवाज बरा येते."

आणि आत जाऊन बसलीस.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते. नंतर माझी हिंमत व्हायची नाही. त्या सकाळी माझ्या घरी तुला भाकरीबरोबर लवंगी मिरचीचा ठेचा वाढला होता, तो काही मायेने वाढला नव्हता. घसा धरेल, खोकशील, वाचताना पाणी पाणी करशील, असा माझा बेत होता. तू तो दुसऱ्यांदा मागून घेतलास. वर म्हणालीस, "तुह्या हाताले चव आली वं म्हातारपनी." आणि आत जाऊन काय वाचलंस! खोकला नाही, ठसका नाही. ठेच्याने तुझा आवाज उलट खुलला. माझ्याच हातच्या मिरचीने मला पाडलं.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची होती आणि ग्रंथालयाला वाचणारी माणसं हवी होती. आपण दोघी निवृत्त मास्तरणी, सत्तरी ओलांडलेल्या, रिकाम्या. मी तर मनात ठरवूनच टाकलं होतं की वाचक मी आणि तू माझ्या सोबतीला. तसंच चालत आलं होतं ना आपलं, निदान माझ्या समजुतीत. तिथे शेजारीच व्हिडिओची खोली होती, हिरवा पडदा लावलेली. प्राध्यापक मंडळी तोंडाला पावडर लावून तिथे उभी राहत. मी येता-जाता त्या खोलीच्या दारात जरा रेंगाळायची, कोणी म्हणेल, "मॅडम, तुम्हीही या." कोणी म्हणालं नाही.

चाचणीची दोन्ही पानं विद्यार्थ्यांना ऐकवली. माझं ऐकून एक मुलगा म्हणाला, "या बाई फोनमधल्या बाईसारख्या बोलतात." मी हवेत! घरी येऊन नातीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्यालाही सांगितलं असेल. नात म्हणाली, "आजी, ती फोनमधली बाई म्हणजे मशीन आहे. ते लोक दिवसभर तिलाच ऐकून वैतागलेले असतात. म्हणून तर माणूस शोधताहेत." भाजीवाल्याकडे पुढे काही दिवस मी गेले नाही.

माइक तुला मिळाला. आणि माझी समजूत काढावी म्हणून मला तुझी तपासनीस केलं.

*

हेवा माझा आजचा नाही, वच्छे. अकोल्याच्या डी.एड. कॉलेजच्या होस्टेलपासूनचा आहे. त्या वेळची मी आत्ता समोर आली ना, तर तिला दोन चिमटे काढीन. पुण्याला आत्याकडे एकच वर्ष राहून आले होते, पण बोलायची अशी जशी सात पिढ्या तिथेच नांदल्या. "अय्या" काय, "इश्श" काय. अकोल्याच्या उन्हात पावडर ओघळून मानेवर यायची, तरी "अय्या" सुटत नव्हतं. तू बार्शीटाकळीहून पत्र्याची पेटी घेऊन आलीस, पेटी माझ्या खाटेखाली सरकवलीस आणि म्हणालीस, "मी येतो वं पानी पिऊन."

मी तुला तिथल्या तिथे धरलं. "मुली 'येते' म्हणतात. 'येतो' पुरुष म्हणतात."

तू पेटीवर बसलीस. मला खालून वर पाहिलंस. "मंग तू बाप्याले निस्ता बोलन्यावरूनच ओयखतं का वं?"

अख्खी खोली हसली. मीही हसले असते, पण मी तेव्हा पुणेकरीण होते.

पुढे आपण अकोल्यात एकाच शाळेत लागलो. माझा वर्ग म्हणजे शिस्त. टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि ती टाचणी पडली की माझी पोरं खिडकीकडे बघायची, कारण भिंतीपलीकडे तू इतिहास शिकवत असायचीस. तुझ्या लढाईत घोडे पाणी प्यायला थांबायचे, सैनिकांना जुलाब व्हायचे, राणीला शिंक यायची. यातलं पुस्तकात काही नसायचं. माझी पोरं माझ्याकडे बघून तुझं ऐकायची. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगितलं की शेजारच्या वर्गात फार गलका होतो. त्यांनी येऊन ऐकलं, आणि तासभर तुझ्याच वर्गात मागे बसून राहिले.

मग लग्नं, बदल्या, तू वलगावची सून झालीस, मी अमरावतीत आले, नंतर तूही शहरात घर केलंस. इतकी वर्षं दोघींची तोंडं एकमेकींकडेच. लोक म्हणायचे, काय मैत्री! मी मनात म्हणायची, मैत्री काय, पहारा आहे.

*

तर मी तपासनीस. तू आत, त्या अंड्यांच्या ट्रेसारखा स्पंज लावलेल्या भिंतींमध्ये, आणि मी बाहेर, कानाला हेडफोन, समोर पुस्तक, ओळीखाली बोट. तू चुकलीस की बटण दाबून तुझ्या कानात सांगायचं. मी म्हटलं, बोलत बसण्यापेक्षा घंटी बरी. घरून टेबलावरची घंटी आणली, हेडमास्तरांच्या टेबलावर असते तशी. बटण दाबायचं आणि घंटीवर टिचकी मारायची, तुझ्या कानात टिंग! मला सांगायला लाज नाही, एवढं सुख मला नातवंडं झाली तेव्हाही झालं नव्हतं.

पुस्तक होतं वऱ्हाडच्या इतिहासाचं. त्यात पानोपानी ळ. तू पाठ सरळ करून वाचायचीस तेव्हा ळ बरोबर यायचा, पण गोष्ट रंगली की तुझी जीभ बार्शीटाकळीला पळायची. "मध्ययुगीन काय." टिंग! "कायी माती." टिंग! "दुष्काय पडला." टिंग, टिंग!

"कावून वाजवली?"

मी बटण दाबून म्हणायची, "दुष्काळ. ळ."

"दुष्काळ म्हना का दुष्काय, पीक कोन्यातच येत नाई, निमे."

रश्मी मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसायच्या. मी हसायची नाही. मी ड्युटीवर असायची.

उन्हाळ्यात तर कहर. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून वाचताना तो बंद. अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन, आणि तू त्या डब्यात बसून घाम पुसत वाचतेस. बाहेर माझ्याकडे पंखा होता. तरी जळायची मी, तुझ्यावर! तुला येणाऱ्या घामाचासुद्धा मला हेवा वाटत होता. असं कोणाचं झालं असेल का गं?

चित्र आलं की मात्र आपलं खरं वाजायचं. पुस्तकात चित्राखाली एक ओळ असते, तेवढी वाचायची आणि पुढे जायचं, असं माझं मत. तू थांबायचीस. चित्रातल्या माणसाचं पागोटं कसं, त्याच्या बैलाचं शिंग कुठल्या बाजूला वाकलंय, सगळं सांगत बसायचीस. मी टिंग टिंग करून बोट दुखवून घ्यायची.

आणि मग तो नकाशा आला.

तुला आठवतंय का, की तिकडे गेल्यावर भांडणं विसरायला होतात? मला आठवतंय. वऱ्हाडचा नकाशा होता, डोंगर, नद्या. मी तुला आधीच बजावलं होतं, "येथे नकाशा आहे" एवढं म्हण आणि पान उलट. तू माइकजवळ तोंड नेलंस आणि म्हणालीस, "पोराइहो, डावा हात उताना करा. बोटं तुमच्यापासून दूर. बोटं म्हंजे मेळघाटचे डोंगर. मनगटाकडं दुसरे डोंगर, अजिंठ्याचे. मधातली खोलगट जागा हाये ना, ते आपलं काया मातीचं वऱ्हाड. आता करंगळीखालून एक रेघ निंगते, तिच्यावर बोट फिरवा. ते पूर्णा. अंगठ्याच्या बाजूले वाह्यते."

मी घंटी वाजवली. तू थांबली नाहीस. मी बटण दाबून ओरडले. त्यानंतर जे झालं ते झालं, आणि तू बाहेर येऊन म्हणालीस, "चाल, गिला वडा खाऊ." मी म्हटलं माझा गुडघा दुखतो. गुडघा दुखत नव्हता. रिक्षात बसल्यावर मी पदराखाली डावा हात उघडला आणि ती रेघ शोधली. होती गं. करंगळीखालून निघून अंगठ्याच्या बाजूला जात होती. सत्तर वर्षं माझ्याच हातावर पूर्णा वाहत होती आणि ती दाखवायला तू लागलीस. असा संताप आला मला!

उद्या फोन करू म्हटलं, आज जरा फुगू दे मला. आणि त्याच रात्री तू झोपेतच गेलीस. सुनेने चहा ठेवला, हाक मारायला आली, संपलं. जायचीसुद्धा तऱ्हा बघा बाईची. मी साखर तपासते, बीपी तपासते, सकाळी मेथीचं पाणी पिते, पथ्याने तोंड कडू करून घेते, आणि ही चांगला पुरणाचा घास जेवून झोपते आणि जाते. तिथेही माझ्या आधी.

*

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला बुद्धविहारात जागा पुरली नाही. बाहेर मंडप टाकावा लागला. मी मागे खांबाला टेकून बसले होते आणि मोजत नाही म्हणत मोजत होते. माझ्या वेळी इतके येतील का? वंदना झाली, चार जण बोलले, तेच ते, आदर्श शिक्षिका, मनमिळाऊ. मनमिळाऊ! तुझ्याशी एकदा भांडून बघायला हवं होतं त्यांनी.

मग एक मुलगी उठली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. पांढरी काठी, हिरवा ड्रेस. मंदा. मेळघाटातल्या सेमाडोहची. एम.ए.ला आहे. तिने बोलायला सुरुवात करण्याआधी काठी बगलेत धरली आणि डावा हात उताना करून सगळ्यांसमोर धरला.

"बाईनं मले माहं गाव इथं दाखवलं," ती म्हणाली आणि मधल्या बोटाच्या पेरावर टिचकी मारली. "मी तिथं जल्मली, पन नकाशात कुठं हाये ते मले कोनी सांगितलंच नव्हतं."

वच्छे, मंडपातल्या प्रत्येक माणसाने आपापला तळहात उघडून पाहिला. पोलीस खात्यातला तो तुझा भाचा, त्यानेसुद्धा. माझा हात मी मांडीखाली दाबून बसले होते. सांगते ना, असा हेवा मला जिवंत माणसाचासुद्धा कधी वाटला नाही.

आणि खाली बसताना ती म्हणाली, "घंटीवाल्या बाई आल्या हायेत का इथं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं एखादी शाळेतली शिपाईण असेल. रश्मी मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. मंदा काठी टेकत माझ्यापर्यंत आली.

"तुमीच का? आमाले तुमी लय माहीत हा. वच्छलाबाई वाचता वाचता थांबत आन म्हनत, 'वाजली पाहा घंटी. बाहेर माही मैत्रीन बसली हाये. तिचे कान लय तिखट. आता ळ म्हनतो नाई तर मले जेवू देनार नाई.'"

"ते तुम्ही कापत नव्हता?" मी रश्मी मॅडमना विचारलं. आवाज मास्तरणीचाच निघाला.

"कापत होते मॅडम. या मुलांनीच सांगितलं, कापू नका."

मंदाने माझा हात धरला. तो मी मांडीखालून काढला नव्हता तरी तिने शोधला. "बाई, पुस्तक अर्धं राह्यलं. पेपर जवळ आला हाये. आता उरलेलं कोन वाचनार?"

"फोन वाचतो ना हल्ली?"

"फोन वाचते," ती म्हणाली. "पन तो 'इ.स.' ले 'इस' म्हनते. आन नकाशा आला का गुपचूप पुढं चालला जाते."

*

रश्मी मॅडमचा फोन आला तेव्हा मी दाराशीच उभी होते, चप्पल घालून. म्हणाल्या, एक धडा वाचून बघू, मुलांना जमलं तर पुढचं सगळं तुम्हीच वाचा. नाही जमलं तर त्यांना परीक्षेपर्यंत फोनवरच भागवावं लागेल.

मी सिल्कची जांभळी साडी नेसले. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी! तू असतीस तर भिंतीला धरून हसली असतीस. नात म्हणालीच, "आजी, कोणासाठी गं एवढी?" मी म्हटलं, आवाजाला शोभा येते. खुर्चीत बसले, बांगड्या काढून ठेवल्या, पहिली ओळ वाचायला श्वास घेतला, आणि रश्मी मॅडम बटण दाबून म्हणाल्या, "मॅडम, काहीतरी सळसळतंय." परत श्वास घेतला, परत सळसळ. माझी साडी. मी श्वास घेतला की सिल्क वाजायचं, आणि माइक ते पकडायचा. परत घरी जाऊन स्वयंपाकघरातली सुती साडी नेसून आले. तेव्हा समजलं की तू नेहमी ती धुऊन धुऊन विरलेली बदामी साडी का नेसून यायचीस. मी तुला म्हणायची, वच्छे, चांगलं काही नाही का तुझ्याकडे? आणि तूही सांगितलं नाहीस. ऐकून घेतलंस.

वाचायच्या आधी रश्मी मॅडम म्हणाल्या, वच्छलाबाईंचं शेवटचं रेकॉर्डिंग ऐका, म्हणजे कुठून उचलायचं ते कळेल. त्यांनी हेडफोन दिले आणि स्वतः बाहेर गेल्या. शहाणी बाई आहे.

नकाशा आला. हात उताना करा. डोंगर, खोलगट जागा, पूर्णा. आणि मग भांडण. पण वच्छे, भांडणात मी नव्हतेच. माझं बोलणं बटणातून तुझ्या कानात गेलं होतं, माइकमध्ये आलंच नव्हतं. फक्त तू.

"पुस्तकात नाई? अवं, नकाशा हाये ना पुस्तकात?"

मग नुसती शांतता. तिथे मी ओरडत होते.

"मंग त्याइनं कसा पाहावा?"

शांतता. मी अजून ओरडत होते. काय काय बोलले असेन, मला आठवतच नाही आता, आणि तिथे त्याचा मागमूस नाही.

"बरं."

शांतता.

"बरं बाई. तुह्यं खरं."

मग तू खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज. आणि अगदी हळू, माइकपासून दूर, "रागावली वाटते."

बस. पुढे काही नाही.

मी ते परत ऐकलं. परत परत ऐकलं. भांडणातसुद्धा तुझाच आवाज उरला, आणि माझ्या वाट्याला रिकाम्या जागा. एवढं मोठं भांडण केलं मी, वच्छे, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की एक शांत बाई एकटीच स्वतःशी बोलते आहे! मी कोणाकडे तक्रार करू आता? मुख्याध्यापकही राहिले नाहीत.

तेव्हा माझ्या रिकाम्या जागेत जे नव्हतं ते इथे लिहिते. हाताची युक्ती चांगली होती. मला सुचली नसती. मला सुचली असती तर मी ती तुझ्या आधी वाचून दाखवली असती आणि सगळ्या अमरावतीला सांगत फिरले असते. तू ती सांगितलीस आणि काही झालंच नाही अशी गिला वडा खायला निघालीस. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

*

मग मी वाचलं. सुती साडीत, हातात बांगड्या नाहीत, केस बांधून. एसी बंद. पहिली दोन-चार पानं अशी वाचली की ळ ऐकून पुण्याची आत्या उठून बसली असती. फोनमधली बाई लाजली असती. आणि मग दुष्काळाचा धडा आला. गाव सोडून निघालेली माणसं, तहानेने खाली बसलेले बैल. घाम डोळ्यात उतरला होता. अक्षरं पोहत होती. आणि माझ्या तोंडून स्वच्छ, ठणठणीत निघालं, "त्या वर्षी वऱ्हाडात मोठा दुष्काय पडला."

मी थांबले. कान टवकारून वाट पाहिली. घंटी का वाजत नाही, म्हणून मान वर करून काचेकडे बघितलं, तर बाहेर तपासनिसाची खुर्ची रिकामी.

त्या खुर्चीवर बसणारी तर मी. मी आत होते. आणि तू, एवढी वर्षं मी चुकत होते, एकदा तरी माझ्यावर घंटी वाजवलीस का? नाही वाजवलीस. डी.एड.पासून नाही.

"मॅडम, परत घ्यायचं का?" रश्मी मॅडम कानात म्हणाल्या.

मी पदर तोंडाशी धरला. आणि रडले, पत्र्यावर गिट्टी ओतल्यासारखी. लाल दिवा लागलेलाच होता, म्हणजे आता तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्यांनी ठेवलं की कापलं, मी विचारलेलं नाही.

पुढच्या धड्यात अजून एक नकाशा आहे. मी घरी पुस्तक उघडून बघितला. डाव्या हातावर बसत नाही, उजव्यावरही बसत नाही. कालपासून मी स्वयंपाकघरात पोळीवर, उशीवर, नातीच्या पाठीवर तो बसवून बघते आहे. नात म्हणते, आजीला काहीतरी झालंय. तुझ्यासारखं सुचलं असतं तर... जाऊ दे. तुला ते ऐकूनसुद्धा गुदगुल्या होतील.

आज माझ्या वाचनाचा निकाल होता. ग्रंथालयात अंध विद्यार्थ्यांचा कोपरा आहे ना, खिडकीजवळ, तिथे मंदा माझा धडा ऐकत बसली होती. मी तिच्यामागे उभी. परीक्षेत पोराच्या मागे मास्तर उभा राहतो तशी नाही. पेपर तपासणाऱ्या मास्तरामागे पोर उभं राहतं तशी. तिचा एक हात टेबलावर पालथा होता, बोटं हळूहळू हलत होती. दुष्कायापाशी मी डोळे मिटून घेतले. ती तशीच पुढे ऐकत राहिली. धडा संपला. तिने हेडफोन काढले, वायर गुंडाळली, जागेवर ठेवली. किती सावकाश ठेवली, वच्छे!

काही विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. विचारलंच.

"वच्छलाबाईंसारखं नाही ना झालं?"

"नाई," ती म्हणाली.

मी पर्स उचलली. तिने पर्सच्या आवाजाकडे मान वळवली आणि म्हणाली, "कुठं चालल्या, बसा ना. वाचन तुमचं साफ हाये, सगळं समजते. फक्त मधीमधी दम घेत जा, बाई. तुमी दम घेतला म्हंजे आमाले बी घेता येते."